दाराजवळचा खड्डा

मित्रांनो, मी एक जुना खड्डा आहे. हसलात ना? हसा, हसा! तलवार बोलायला लागली की कान टवकारून ऐकता, आणि खड्ड्यानं तोंड उघडलं की तुम्हाला हसू येतं.

हजारेक वर्षांपूर्वी, टेकडीवरच्या सरदाराचा मातीचा कोट नवा होता तेव्हा, पायथ्याच्या शेतात एका नवराबायकोनं मला खणलं. घराच्या दाराचा खांब त्यांनी माझ्यात रोवला. बायकोनं भोवती दगड ठोकून बसवले आणि म्हणाली, "आता हलला तर सांगा!" नाही हलला. त्या दारातून धान्याची पोती वर कोटात जायची. कोटातले लोक शूर होते म्हणे. असतील, पण जेवत होते आमचंच.

पुढे माणसं निघून गेली. खांब माझ्यातच कुजला आणि माझा मातीतला एक काळसर गोल डाग झाला. वरून नांगर फिरत राहिले. कोट बघायला गर्दी लोटायची, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

मग हुकूम निघाला, की कोट बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी आमचं शेत सपाट करायचं. बुलडोझर येऊन उभा राहिला. त्याआधी जमिनीखाली काही आहे का ते तपासायला उत्खननवाल्या बाई आपली माणसं घेऊन आल्या. त्यांनी वरची माती हलक्या हातानं काढली. पण ऊन असं कडक, की माती वाळून पांढरी पडली आणि माझा डाग दिसेनासा झाला. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

"काही नाही हो बाई इथे," बुलडोझरवाला म्हणाला. "करू का सुरू?"

"जरा दम धरा की दादा!" बाईंनी फवारणीचा पंप पाठीला लावला आणि जमिनीवर पाणी मारलं.

अबब! माती गडद झाली आणि माझ्यासारखे डाग एकामागून एक उमटत गेले. अख्ख्या घराचा आकार! ती माझी भावंडं होती. इतकी वर्षं शेजारी राहून आमची कधी गाठ पडली नव्हती.

त्यांनी आम्हाला खुरप्यांनी रिकामं केलं. माझे दगड अजून जागच्या जागी होते. पण नुसते खड्डे बघून, हुकूम काढणाऱ्या साहेबांना इथे घर होतं हे काय पटणार? म्हणून बाईंनी फोटोसाठी प्रत्येक खड्ड्यात एकेक माणूस उभा केला. नेमका माझ्या वाट्याला माणूस उरला नाही.

"दादा, तुम्ही या ना!"

"मी? अहो, मी पाडणारा माणूस!"

"आज खांब व्हा."

तो आला आणि माझ्यात पाय रोवून उभा राहिला. दगडांनी त्याचे पाय घट्ट धरले. "हलू नका हं!" बाई ओरडल्या. उघड्या रानात माणसांचं घर उभं राहिलं. तो डावीउजवीकडे बघत राहिला. "केवढं मोठं घर होतं हो!" तो हळूच म्हणाला. मी तर शहारलोच.

फोटो साहेबांना गेला. सगळे तसेच उभे होते. फोन वाजला.

"गाड्या पलीकडे लावू म्हणतात!" बाईंचा आवाज चिरकला.

मित्रांनो, कोट बघायला जरूर या. पण पायथ्याशीही नजर टाका. ज्यांचं काहीच उरलं नाही, त्यांचे निदान खड्डे तरी जपा.

बुलडोझर घराच्या मागच्या बाजूला उभा होता. भिंत कुठेच नव्हती, दादा सरळ घरामधून गेला असता तरी चाललं असतं. पण तो दारातून बाहेर पडला आणि घराला वळसा घालून गेला.