जरा हाडाला धरलेलं

दोघी बहिणींपैकी थोरलीच्या जिभेच्या उजव्या कडेला आलेला फोड कर्करोगाचा निघाला आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला, तेव्हा तिने घरच्यांकडे एकच गोष्ट मागितली. दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी, दुपारच्या जेवणाला, तिला कोरियन पद्धतीच्या डुकराच्या बरगड्या हव्या होत्या. ओव्हनमध्ये भाजलेल्या, लाल, चिकट, खाताना कोपरापर्यंत ओघळणाऱ्या.

सर्जनबाईंनी कागदावर जीभ काढून दाखवली होती. एवढी अर्धी जाईल, तिच्या जागी मनगटाजवळची कातडी शिवू. चव किती राहील, चावता किती येईल, ते पुढचं पुढे. थोरलीने सगळं ऐकलं आणि बाहेर आल्यावर धाकटीला म्हणाली की, आता जीभच हाताच्या कातडीची, आपण कुणाला काही बोललो तर त्याला हात उगारल्यासारखंच वाटणार. धाकटीला हसू आलं नाही.

"बरगड्या मी करते," ती म्हणाली. "तू ओट्याकडे फिरकायचं नाहीस."

बोलून तर बसली, पण स्वयंपाक हा तिचा प्रांत नव्हे. ती सोफे-खुर्च्यांच्या गाद्या शिवायची. कुठल्या पाठीला किती फोम लागेल हे तिला माणूस दारातून आत येतानाच कळे. मिठाचं मात्र कधीच कळलं नाही, कारण कळून घ्यायची वेळच आली नव्हती. थोरली एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती आणि राहायची वरच्याच मजल्यावर. धाकटीने काहीही शिजवलं की वाटीत चमचाभर घेऊन ती जिना चढायची. "ताई, बघ गं." थोरली चाखायची, मीठ म्हणायची, गूळ म्हणायची, नाहीतर नुसतीच मान हलवायची. धाकटीचा नवरा लिफ्टदुरुस्तीवाला. तो आल्यागेल्याला सांगायचा की आमच्याकडे चव घ्यायचं खातं वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे जेवणाला उशीर होतो.

या वेळी वर जाऊन विचारायची सोय नव्हती. बरगड्यांची ही कृती थोरली कँटीनमध्ये शेजारच्या शेगडीवरच्या कोरियन बाईकडून शिकली होती आणि धाकटीने ती इतक्यांदा पाहिली होती की डोळे मिटून सांगितली असती. गोचुजांग, म्हणजे त्यांच्याकडची आंबवलेल्या मिरचीची लाल पेस्ट. सोया सॉस, आलं, भरपूर लसूण, तिळाचं तेल, थोडी साखर. आणि मांस मऊ व्हावं म्हणून किसलेली नाशपती. बाजारात नाशपत्या मिळाल्या त्या दगडासारख्या. फळवाला म्हणाला, किवी न्या, तिने जास्त मऊ होतं, पण एकच घाला हं, तीही थोडा वेळ.

घरी येऊन किवी सोलताना धाकटीच्या डोळ्यांपुढे थोरलीचं खाणं आलं. हल्ली ती दुधात भिजवलेला पावसुद्धा डाव्या गालात ढकलून खायची, आणि खाताना भिंतीकडे बघायची. एका किवीने काय होणार? ज्याची पाठ दुखते त्याला फोम जास्त घालायचा, एवढं साधं गणित तिच्या हातांना ठाऊक होतं. तिने तीन किवी कुस्करून घातल्या, बरगड्यांना चोळल्या आणि डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रे फॉइलने घट्ट झाकून मंद आचेवर ओव्हनमध्ये सरकवला. दुपारपर्यंत घरभर वास सुटला. थोरली खाली आली ती ओठांना लाली लावून. लिफ्टवाल्या मेहुण्यांनी भुवया उंचावल्या तर म्हणाली, जिभेचा निरोपसमारंभ आहे, मळक्या तोंडाने कसं बसणार? मग टेबलाशी बसली, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात ताटाच्या बाजूंना ठेवून वाट बघत राहिली. कितीतरी दिवसांत तिला जेवणाची अशी वाट बघताना कुणी पाहिलं नव्हतं.

धाकटीने फॉइल उघडलं. चिमट्याने पहिली बरगडी उचलली तर चिमट्यात नुसतं हाड आलं, चिखलातून काठी निघावी तसं. मांस ट्रेमध्येच राहिलं. दुसऱ्या बरगडीचं तेच, तिसरीचं तेच. ट्रेमध्ये लाल लापशी झाली होती.

"मस्त मऊ झालंय," धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

थोरलीने चमच्याने थोडं तोंडात घेतलं. ते चावायला लागलंच नाही, आपोआप उतरलं. तिने चमचा खाली ठेवला.

"किवी?"

"हो."

"किती?"

"तीन. रात्रभर."

मेहुणे उठून स्कूटरची किल्ली शोधू लागले, दुसरं मांस आणतो म्हणाले. थोरलीने त्यांना हातानेच बसवलं. बरगड्या शिजायला अर्धा दिवस लागतो आणि संध्याकाळी तर दवाखाना गाठायचा होता, तिथे गेल्यावर अन्नपाणी बंद. हे तिघांनाही कळत होतं.

"ठमे," थोरली म्हणाली, "मला अजून जीभ आहे गं."

धाकटीने हातातला चिमटा खाली ठेवला.

"फोड कळल्यापासून तुम्ही सगळे मला दात न आलेल्या पोरासारखं भरवताय. दुखतं, मला माहितीये. चावताना दुखतं, तरी मला चावायचंय, म्हणून तर हे मागितलं. बरगडी जरा हाडाला धरलेली पाहिजे. आपण ओढायचं, तिने थोडं नाही म्हणायचं, मग सुटायचं. नुसतं गिळायला काय, उद्यापासून नळी आहेच."

एवढं बोलल्यावर तिला धाप लागली. जीभ गालाला घासत होती आणि शब्द जड येत होते. ती उठली आणि ओट्याकडे गेली. धाकटी सवयीने आडवी आली, "तू बस, मी..." आणि मध्येच थांबून बाजूला झाली.

थोरलीने ट्रेमधला रस पातेल्यात ओतून आटायला ठेवला. मांस ट्रेभर पातळ पसरलं, ओव्हनची वरची आच पूर्ण वाढवली आणि आत ढकललं. रस दाट झाल्यावर चमचाभर धाकटीपुढे धरला.

"चाख."

"तू चाख ना."

"मी नाही सांगणार. काय कमी आहे ते तू सांग."

धाकटीने चमचा तोंडात घेतला. तिखट आलं, गोड आलं, मग सगळं एकदमच आलं. तिने सवयीने थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. पुन्हा चाखलं.

"आंबट?"

"मला विचारू नकोस."

"आंबट कमी आहे," धाकटी म्हणाली, आणि व्हिनेगरची बाटली स्वतः काढली. थोडं घातलं, चाखलं, आणखी एक थेंब घातला. थोरली बघत राहिली. चूक की बरोबर, काहीच बोलली नाही.

मग दोघी आळीपाळीने ट्रे बाहेर काढून त्यावर रस फासत राहिल्या. पहिल्यांदा काही झालं नाही. मग कडा काळवंडल्या, साखर करपून कोपऱ्यांत मांस ट्रेला धरून बसलं. खोलीत धूर झाला तेव्हा मेहुण्यांनी खिडकी उघडली आणि एवढ्या धुरात लिफ्टसुद्धा बंद पडते म्हणाले.

थोरलीने उलथन्याने एक कड खरवडून तोंडात टाकली. आधी डाव्या बाजूला चावली. मग मुद्दाम उजवीकडे घेतली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, जबडा थांबला, पुन्हा चालू लागला. ओठांवरची लाली कुठली, रस कुठला आणि रक्त कुठलं, काही कळत नव्हतं. धाकटीचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला. 'सावकाश' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. तिने पेला होता तिथेच राहू दिला.

थोरलीने ताट पुढे केलं. धाकटीने ट्रे स्वतःकडे ओढला, उलथनं घेतलं, आणि मधला मऊ भाग सोडून कोपऱ्यातला सगळ्यात करपलेला, निघता निघेना असा तुकडा जोर लावून सोडवला आणि बहिणीला वाढला.