माशांचा सोमवार

माझी बायको बानाबाई गेली त्या उन्हाळ्यात शेततळ्यात जेमतेम पुरुषभर पाणी उरलं होतं. मुकुंदवाडीच्या पुढं आमची दोन एकर जमीन. दोन्ही अंगांना इमारती उठल्या, त्यांच्या बोअरमुळं आमची विहीर आटली. तळ्यातले रोहू आणि कटला मासे तेवढे तिच्या हातचे राहिले होते.

मी त्यांना दिवसातून तीनदा पेंड टाकायचो. त्यांना भूक असो नसो. काठावर गेलो की ते वर यायचे. घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं.

वैशाखात माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले. रोज दोन-तीन मरून वर येऊ लागले. मागं असं झालं की बानाबाई लसूण आणि पेरूचा पाला पाट्यावर वाटून रस गाळायची आणि पेंडीत मळून द्यायची. मीही तसंच केलं. गोळे घमेल्यात ठेवून दोरीनं पाण्यात सोडले. संध्याकाळी घमेलं ओढलं, तर गोळे तसेच. तीन दिवस हेच चाललं.

शनिवारी माझा मेहुणा पुंजाराम आला. त्यानं गोळा हुंगला.

"औषध बरोबर हाय, दाजी. सोमवारी माशांना काय देता?"

"रोजचीच पेंड."

"आक्का तर सोमवारी काहीच देत नव्हती."

"तिचा उपास असायचा. म्हणायची, माझा उपास तर माशांचाबी उपास. गंमत करायची."

"लई भोळे तुमी. आमच्या घरी कोकराला औषध द्यायचं तर आदल्या दिवशी उपाशी ठेवत्यात. पोट भरलेलं असलं तर कडू कोण खाईल? ती मंगळवारी रस द्यायची का नाय?"

"व्हय."

"मग गंमत कसली?"

रस द्यायच्या मंगळवारी ती विचारायची, "काल कुणी काय टाकलं नाय ना?" मी नाय म्हणायचो. कित्येक सोमवारी ती देवळात गेली की मला माशांची दया यायची आणि मी मूठभर टाकून यायचो.

रविवारी रात्री पेंडीच्या पोत्यावर मी पाटा ठेवला. सोमवारी सकाळी काठावर गेलो. मासे आले, तोंडं उघडून थांबले. मी हात पाठीमागं धरले. थोड्या वेळानं ते खाली गेले. दिवसभरात पाचदा गेलो. पाचव्यांदा एकही वर आला नाही. मीही काही खाल्लं नाही. चूल पेटवायची इच्छाच झाली नाही.

मंगळवारी उजाडताच रस काढला, गोळे मळले, घमेलं सोडलं. एक मेलेला मासा काठाला लागला होता, तो पुरला. मग दुपारपर्यंत लिंबाखाली बसून राहिलो.

दोरी ओढली. घमेल्यात नुसतं पाणी होतं.

घमेलं पालथं घालून मी तिथंच उभा राहिलो.

"काल कुणी काय टाकलं नाय," मी म्हणालो.