वरचा हिस्सा मोकळा

मित्रांनो, मी एक जुना ईझल आहे. चित्र रंगवताना कॅनव्हास ज्याच्यावर टेकवतात, ते तीन पायांचं लाकडी सामान. त्या सकाळीही माझ्यावर एक चित्र होतं. माझे मालक, एक म्हातारे चित्रकार, मागे सरकून डोळे बारीक करून बघत होते.

"बघ गं, काहीतरी चुकतंय. कुठे ते सापडत नाही."

"छान झालंय, बाबा," मुलगी म्हणाली. "चहा घ्या आधी. की आजपण त्यातच ब्रश बुडवणार?"

ते हसले. तो त्यांचा शेवटचा साधा दिवस. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

फार वर्षांपूर्वी मला एका सुताराने उरलेल्या सागवानातून घडवलं आणि कला महाविद्यालयात धाडलं. वर्गात आम्ही भावंडं गोल करून उभी असायचो. ते दिवस नव्या चित्रकलेचे होते. माणसाचं नाक नेमकं कुठे काढायचं, यावरून पोरं कँटीनमध्ये हमरीतुमरीवर यायची. आमच्या आडोशाला भाड्याने आणलेल्या रहस्यकथा वाचायची आणि सर आले की खून अर्धवट टाकून ब्रश उचलायची. माझे मालक त्याच पोरांतले एक, तेव्हा कॅनव्हास काठोकाठ भरायचे. "अरे, मुंगीला तरी वाट ठेव!" सर ओरडायचे, आणि तेच चित्र भिंतीवर लावायचे. कॉलेज सुटलं तेव्हा मालकांनी मला सरांकडून मागून घेतलं आणि घरी आणलं.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. पोटासाठी त्यांनी त्याच रहस्यकथांची मुखपृष्ठं रंगवायला घेतली. प्रकाशक दारातूनच बजावायचा, "वरचा हिस्सा मोकळा सोडा हं. पुस्तकाचं नाव काय माझ्या टकलावर छापू?" म्हणून पिस्तूल खाली, बाई खाली, वर नुसता सपाट रंग. वर्षानुवर्षं हेच. त्यावर घर चाललं, मुलगी शिकली, जाडजाड ग्रंथ वाचू लागली. वडिलांची मुखपृष्ठं असलेली पुस्तकं तिने कधी उघडली नाहीत.

मग मुखपृष्ठं संगणकावर होऊ लागली आणि मी माळ्यावर गेलो. एके दिवशी मालकांनी मला खाली उतरवून पुसलं. आता स्वतःची चित्रं काढायची होती. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात एक तरी लागावं, एवढीच हाव. दर वर्षी चित्र परत यायचं. का, ते कोणी सांगत नसे.

मला दिसत होतं. हात वर जाता जाता एका उंचीवर आपोआप थांबायचा. सगळी गर्दी खाली, वर सपाट रंग. त्यांना ते दिसत नव्हतं. मुलीला दिसत होतं. पण ही सवय कोणाला वाढवताना लागली, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून ती दर वेळी "छान झालंय" म्हणायची.

मित्रांनो, माझा एक पाय खिळखिळा झालाय, मला कुठेही टाका. पण कोणी विश्वासाने विचारलं, की काय चुकलं, तर त्याला सांगा. तो चिडेल, ब्रश फेकेल. फेकू द्या. उचलायला हात तरी असतील.

काल ती खोली आवरायला आली. माझ्यावर तसंच राहिलेल्या त्या शेवटच्या चित्रासमोर उभी राहिली. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही अजून पुस्तकाच्या नावासाठी जागा सोडताय."