सात विषय आणि एक न झिजलेला खोडरबर

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे आणि अजून जवळजवळ अख्खा आहे. ऐकायला कौतुकाचं वाटेल. गोष्ट संपेपर्यंत वाटणार नाही.

एका लांब पांढऱ्या पट्टीतून आम्ही चाळीस भाऊ एकाच दिवशी कापले गेलो. तेव्हा मी इतका मऊ होतो की बोट दाबलं तर ठसा उमटायचा. एकोणचाळीस भाऊ शाळांत गेले आणि चुकलेल्या बेरजा पुसत वर्षभरात संपले असतील. मी गेलो कॉलेजच्या कार्यालयात. नशीब काढलं, असं तेव्हा सगळे म्हणाले.

प्रवेशाच्या खिडकीमागे एक कारकून बसत. त्यांना सगळे 'दोरीवाले काका' म्हणत, कारण खिडकीतली प्रत्येक वस्तू ते दोरीनं बांधून ठेवत. पेन्सिल, फूटपट्टी, डिंकाची बाटली, सगळं. "लोक शिकायला येतात आणि पेन्सिल घेऊन जातात," हे त्यांचं आवडतं वाक्य. पहिल्याच दिवशी त्यांनी दाभणानं माझ्या पोटातून आरपार भोक पाडलं आणि मलाही बांधलं. दुखलं, पण नोकरी पक्की झाली.

त्या कॉलेजात एक फार चांगली पद्धत होती. नव्या मुलांनी पहिल्या सत्राचे विषय फॉर्मवर पेन्सिलीनं लिहायचे. दहा दिवस वर्गात बसून बघायचं, झेपतंय का. जड वाटलं तर खिडकीशी येऊन एखादा विषय खोडायचा. दहाव्या दिवशी पाच वाजता काका सगळे फॉर्म शाईनं गिरवत. मग बदल नाही. पाच विषय पुरेसे होते, परवानगी आठांची होती. पाच आणि आठ यांच्यामध्ये जो शहाणपणा लागतो, त्यासाठी माझी नेमणूक होती.

आता माझ्या सेवेचा हिशेब ऐका. विषय वाढवायला खोडरबर लागत नाही, पेन्सिल लागते. अकरा वर्षांत त्या खिडकीवर चौतीस पेन्सिली संपल्या. विषय कमी करायला आले नऊ जण. एकानंही मला हात लावला नाही. काका वाईट नव्हते, फक्त मोठ्यानं बोलत. "काय रे, दमलास? दहा दिवसांत?" असं विचारलं, की मागची रांग हसायची. मग तो मुलगा, वेळापत्रक कुठे लावलंय एवढंच विचारायला आलो होतो, असं सांगून निघून जायचा. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना तेच खोडायचं असायचं. मी फळीवरून त्यांचे चेहरे बघत होतो ना!

रोज दुपारी दीड तास माझ्यावर ऊन यायचं. न वापरलेला खोडरबर कडक होत जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पिवळा पडलो. मला वाटलं, भारदस्त दिसायला लागलो.

बाराव्या वर्षी एक मुलगी आली. घरात तिला 'डॉक्टर' म्हणत. लहानपणी तिनं शेजारच्याच्या गुडघ्याला पट्टी बांधली होती, एवढ्या भांडवलावर. सोबत वडील होते, धंद्यानं शिंपी, गळ्यातली मोजपट्टी काढायला विसरलेले. आणि आत्या होती, जिला कुणी बोलावलं नव्हतं.

मुलीनं नीट विचार करून पाच विषय लिहिले.

"पाचच?" आत्या म्हणाली. "आमच्या चिरंजीवांनी पहिल्याच सत्रात सहा घेतले होते. अर्थात, सगळ्यांना झेपतं असं नाही."

शिंपीबाबांनी मुलीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"बाबा, पाच पुरे आहेत. कॉलेजवालेच म्हणतात."

"ते सगळ्यांसाठी म्हणतात. तू सगळ्यांतली आहेस का?"

"अरे दादा, सहा लिही फार तर..."

"सात," शिंपीबाबा म्हणाले. लिलावात शेवटची बोली लागते, तसे.

सहावा विषय त्यांनी आत्याकडे बघत लिहिला आणि सातवाही. कोणते हवेत, हे मुलीला विचारलं नाही. यादीत पुढे सांख्यिकी आणि भूगर्भशास्त्र होतं, तेच उतरवलं. लगेच खाली पेनानं पालकाची झोकदार सही ठोकली. मुलगी काचेवर चिकटवलेला वसतिगृहाचा नियम वाचत होती: पहिल्या सत्रात दोनपेक्षा जास्त विषय राहिल्यास खोली सोडावी लागेल. तिचं घर बसनं साडेतीन तासांवर होतं. खोली गेली की कॉलेजही गेलं. तिनं तो कागद दोनदा वाचला.

दहाव्या दिवशी चार वाजता ती एकटी आली. हातात वही, वहीत आठवड्याचे तास मांडलेले. वर्ग आणि प्रयोगशाळा चाळीस, अभ्यास छप्पन्न, झोप छप्पन्न, जेवणखाण-आंघोळ-कपडे सोळा. एकूण एकशे अडुसष्ट. उरले शून्य. त्याच्याखाली लिहिलं होतं: दोन विषय खोडले तर तीस तास सुटतात. मित्रांनो, त्या खिडकीवर मी पाहिलेला हा एकमेव खरा हिशेब.

"काय गं, दमलीस?" काकांनी सवयीनं विचारलं. रांग सवयीनं हसली.

"हो," ती म्हणाली.

हे उत्तर तिथे आजवर कुणी दिलं नव्हतं. काकांनी फॉर्म काढला आणि मला दोरीसकट पुढे सरकवलं.

अकरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला, आणि मी दगड झालो होतो. तिनं भूगर्भशास्त्रावर मला घासलं. शिसं निघालं नाही, पसरलं. काळा ढग झाला. तिनं जोर लावला. कागद फाटला, थेट खालच्या सहीतून.

"अरेरे, सहीच गेली," काका म्हणाले. "फाटक्या सहीवर बदल करता येत नाही."

"तुमच्या खोडरबरानं फाटला, काका."

"अकरा वर्षं तोच आहे. एकाची तक्रार नाही." हे शंभर टक्के खरं होतं.

मग त्यांना दया आली. "बाबांना फोन लाव. 'हो' म्हणाले तर नव्या फॉर्मवर तुझी सही चालवून घेतो."

फोनमधून शिलाई मशीनचा आवाज आला.

"बाबा, दोन विषय कमी करतेय. काकांना फक्त 'हो' म्हणा."

"मग किती राहतील?"

"पाच."

मशीन थांबलं. "आणि आत्याला काय सांगू? सगळ्यांना सात सांगून झालंय गं. तू कर. डॉक्टर आहेस तू." मशीन पुन्हा सुरू झालं.

काकांनी फाटलेल्या जागी मागून पट्टी चिकटवली आणि माझ्या ढगावर शाईनं, सुरेख अक्षरात, भूगर्भशास्त्र लिहिलं.

सत्राअखेर तिचे तीन विषय राहिले. खोडायचे होते ते दोन आणि प्राणिशास्त्र, जो तिचा सगळ्यांत आवडता विषय होता. तो तीन गुणांनी गेला. तीस तासांतला एखादा मिळाला असता, तर बहुधा पुरला असता.

शिंपीबाबा आत्याला घेऊन वसतिगृहातली तिची गादी न्यायला आले, तेव्हा खिडकीशी थांबले. "यातलं आता काही खोडता येईल का?"

"शाई आहे," काका म्हणाले.

"मी तर तेव्हाच म्हणत होते, सहा घ्या," आत्या म्हणाली.

शिंपीबाबांनी मला उचललं, जन्मभर कापड पारखलेल्या अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं. ते गेल्यावर काकांनी माझी दोरी कापली.

आता मी खिडकीच्या फटीत असतो, वाऱ्यानं ती आपटू नये म्हणून. इथे कडकपणाच लागतो. माझी स्तुती होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवतात की आम्हाला जपून वापरा. मी हात जोडून सांगतो, आम्हाला अजिबात जपू नका. आम्ही झिजायलाच जन्माला आलो आहोत. वर्गात बसा, आपले तास आपल्याच हातानं मांडा, आणि जड होत असेल तर मुदतीच्या आत खिडकीशी या. दमलास का, असं कुणी हसून विचारलं, तर 'हो' म्हणा. रांगेचं हसणं फार तर अर्धा मिनिट टिकतं. मी मोजलंय.

माझ्या जागी नवा भाऊ आला आहे. पांढरा, मऊ, बोटाचा ठसा उमटेल असा. त्यालाही दोरी आहे.

आज नववा दिवस. पेन्सिल दोनदा बदलून झाली. भाऊ अजून अख्खा आहे.