गोटीचे लंगोट

बायकोला पुन्हा दवाखान्यात ठेवून घेतलं, त्या दुपारी लिफ्टचा मेकॅनिक मुलीला छातीशी धरून घरी आला आणि कुलूप उघडून तसाच दारात उभा राहिला. आत जाऊन पहिल्यांदा काय करायचं, हेच त्याला सुचेना. मुलगी जेमतेम महिन्याची. बायकोचे सिझेरियनचे टाके आतून पिकले होते, ताप उतरत नव्हता, आणि त्या वॉर्डात तान्ह्या बाळाला ठेवायची सोय नव्हती. त्याची स्वतःची आई दुसऱ्या गावी, पाय मोडून अंथरुणात. सासू लग्नाआधीच गेलेली. उरले सासरे.

मुलीचं नाव अजून ठरलं नव्हतं. गोल डोकं आणि गोल डोळे बघून दोघं तिला गोटी म्हणत.

सकाळीच गोटीला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं होतं. तिच्या मांड्यांच्या सांध्यात लालभडक चट्टे उठले होते, कुठे कुठे कातडी सोलल्यासारखी दिसत होती.

"तयार डायपर आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "सुती कापडाचे वापरा. ओलं झालं की लगेच बदला. जमेल तेवढं उघडं ठेवा. आणि हे मलम लावा."

"कापडाचे म्हणजे कुठले?" त्याने विचारलं.

"तुमच्या मिसेसना माहीत असेल," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मिसेसना खरंच माहीत होतं. गरोदरपणात तिने त्या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. कपाटाच्या खालच्या खणात कापडी लंगोटांचा गठ्ठा पिशव्यांतून तसाच पडून होता. बाहेरून पाणी न गळणारं रंगीत आवरण, आत खिसा, खिशात सरकवायच्या जाड सुती घड्या आणि पुढच्या बाजूला टिचबटणांच्या रांगाच रांगा. तेव्हा तो म्हणाला होता, "हे बाळासाठी आहे की तंबू ठोकायचाय?" ती हसली होती आणि म्हणाली होती, "तुला कशाला काळजी? मी बघेन सगळं."

त्याने एक पिशवी फाडली. दिवसभर मोटारी, तारा आणि दोर हाताळणाऱ्या माणसाला एवढासा लंगोट अवघड जाऊ नये. त्याने घडी खिशात सरकवली, गोटीला त्यावर ठेवलं आणि बटणं लावली. लंगोट तिच्या बगलेपर्यंत आला. दुसऱ्या रांगेतली बटणं लावली, तर पाय बेडकासारखे फाकले. तिसऱ्यांदा बरं जमल्यासारखं वाटलं. तिला उचलून खांद्यावर घेतलं, आणि थोड्याच वेळात त्याच्या छातीवरून ऊन ऊन धार कमरेपर्यंत उतरली.

लंगोट चाचपला. आतली घडी जवळजवळ कोरडीच होती. सगळं बाजूने निघून गेलं होतं.

संध्याकाळी सासरे आले, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. पण आता त्यांचे हात कापायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे, आणि ते कुणी बघितलेलं त्यांना आवडत नसे.

"काय जावईबापू, कुठवर आलं?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही, अप्पा. हे कापड पाणीच पीत नाही."

सासऱ्यांनी लंगोट डोळ्यांजवळ धरून उलटसुलट केला. "नवं कोरं आहे ना, कडक असेल. धुऊन मऊ करू या."

दोघांनी सगळे लंगोट मशीनमध्ये टाकले. मेकॅनिकला वाटलं, पोरीची कातडी सोललीय, कापड लोण्यासारखं व्हायला हवं. त्याने कपडे मऊ करायचं सुगंधी सॉफ्टनर झाकणभर ओतलं, मग अजून थोडं. मशीन थांबलं, तेव्हा न्हाणीघरात फुलांच्या दुकानासारखा वास दरवळत होता. सासऱ्यांनी एक घडी गालाला लावली. "वा. हिला आता गादीवर झोपल्यासारखं वाटेल."

त्या गादीवरून पाणी थेंबाथेंबांनी ओघळून गेलं. आधी निदान थोडं तरी जिरत होतं, आता काहीच जिरेना. दर वेळी झबलं ओलं, दुपटं ओलं, चादर ओली, खाली गादी ओली. दोघांनी लंगोट पुन्हा धुतले, पुन्हा सॉफ्टनर ओतलं. बाहेर आभाळ भरलेलं, हवेत ओल. बाल्कनीतल्या दोरीवर सगळं लटकून होतं आणि काही म्हणता काही वाळत नव्हतं. मेकॅनिकने खुर्च्यांच्या पाठी, दाराच्या कड्या, पंख्याखालची जागा, सगळीकडे लंगोट पसरले. घर धोब्याच्या दुकानासारखं दिसायला लागलं. कामावरून साहेबाचा फोन आला, तेव्हा तो फक्त "नाही जमणार" एवढंच म्हणाला. साहेब काय म्हणाला, ते गोटीच्या रडण्यात ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्री काढली. आतल्या घड्या धड वाळल्या. मग त्याच झटक्यात त्याने बाहेरच्या आवरणावरही इस्त्री फिरवली. जळका वास आला, आवरणाचं अस्तर वितळून इस्त्रीला चिकटलं. तो चिकटा खरवडताना बोट भाजलं. गोटी आतल्या खोलीत रडत होती. चट्टे आता मांड्यांवर पसरले होते आणि मलम लावायला बोट नेलं, की ती श्वास अडकेपर्यंत किंचाळत होती.

अडकलेल्या लिफ्टच्या दाराशी उभं राहून आतल्या माणसांना धीर द्यायची त्याला सवय होती. घाबरू नका, मी आलोय, दार हलवू नका. लोक त्या आवाजावर विश्वास ठेवून शांत होत. तोच आवाज त्याने गोटीसाठी लावून पाहिला. तिने अजिबात दाद दिली नाही.

"आण, मी बदलतो, तू बोटाला पाणी लाव," सासरे म्हणाले.

मेकॅनिक हात नळाखाली धरून उभा होता. तिथून त्याला आतलं दिसत होतं. सासऱ्यांनी नातीला जपून पलंगावर ठेवलं, लंगोट तिच्याखाली सरकवला आणि बटण लावायला गेले. बटणाच्या दोन्ही बाजू त्यांच्या बोटांत थरथरत एकमेकींना चुकवत होत्या. त्यांनी मनगट पलंगावर दाबून धरलं आणि पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा. शेवटी लंगोट तसाच उघडा ठेवून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

"केसाहून बारीक स्प्रिंग बसवायचो मी," ते म्हणाले. ते त्याला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही.

मेकॅनिकने येऊन बटणं लावली. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

दुपारी बायकोचा फोन आला. त्याने आधीच ठरवलं होतं, तिला काही सांगायचं नाही. तिकडे ती तापात पडलेली, तिला कशाला घोर.

"कशी आहे गोटी?"

"मजेत आहे."

"मग रडतेय का?"

"भूक लागली असेल. अप्पा दूध बनवतायत."

अप्पा दूध बनवत नव्हते. ते त्याच्या समोरच गोटीला घेऊन येरझाऱ्या घालत होते. त्यांनी हात पुढे केला. "दे तो फोन इकडे." मग फोनमध्ये म्हणाले, "पोरी, खोटं बोलतोय तो. गोटीचं ढुंगण सोलवटून निघालंय. तुझे लंगोट पाणी धरत नाहीत. आम्हा दोघांना काही म्हणता काही जमत नाहीये."

 पलीकडे ती रडतेय, हे कळलं. मेकॅनिक न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर खाली बसला. अप्पांनी फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढे ठेवला.

"नाही जमत गं मला," तो म्हणाला. "तू बघणार होतीस. मी काही म्हणजे काही ऐकून ठेवलं नाही."

"मी तरी काय करू? मला उठून बसता येत नाही. हाताला सलाइन आहे." तिने नाक ओढलं. "वापरायच्या आधी धुतले होते का?"

"नंतर धुतले."

"नुसत्या साबणाने?"

"सॉफ्टनर पण टाकलं. मऊ व्हावं म्हणून."

"अरे देवा," ती म्हणाली, आवाज न चढवता. "त्याचा थर बसतो कापडावर, मेणासारखा. मग पाणी आत कसं जाणार? गरम पाण्याने धू, साबण अगदी थोडा. मग नुसत्या पाण्याने खळबळत राहा, फेस यायचा बंद होईपर्यंत. एकदा करून नाही होणार. नवं कापड बऱ्याच धुण्यांनंतर पाणी प्यायला लागतं. आणि मांडीपाशी बोट जाईल एवढंच ढिलं..." मध्येच कुणीतरी बाई तिला बोलू नका म्हणाली. "आणि आवरणाला इस्त्री नाही करायची," ती घाईने म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मेकॅनिकने आपल्या भाजलेल्या बोटाकडे पाहिलं.

"तोवर हिला काय घालायचं?" सासऱ्यांनी विचारलं. कोरडा एकही लंगोट उरला नव्हता. त्यांनी आपल्या पिशवीतून जुना सुती सदरा काढला, धुऊन धुऊन पार विरलेला. "फाड हा."

"अप्पा, तुमचा चांगला सदरा..."

"कोपरापाशी फाटलेलाच आहे तो. फाड."

त्याने सदऱ्याचे चौकोन फाडले आणि गोटीला त्यावर नुसतं उघडं ठेवलं. ओलं झालं की चौकोन ओढून दुसरा. त्या चौकोनांची बटणं लावायची नव्हती, त्यामुळे ते काम सासऱ्यांना जमत होतं. ते ठाण मांडून तिच्याजवळ बसून राहिले. तो न्हाणीघरात. गरम पाणी, बादली, फेस, पुन्हा पाणी. कंबर मोडून आली, तरी पाण्याला फुलांचा वास येतच होता. गोटी रडत होती, दमून झोपत होती, उठून पुन्हा रडत होती. त्या दिवशी काहीच सुधारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दवाखान्यातून कळलं, ताप हटत नाही, मुक्काम वाढणार. हे ऐकल्यावर सासरे जेवलेच नाहीत. मेकॅनिकने त्यांना आग्रह केला नाही, त्याचंही ताट तसंच राहिलं.

मग एका सकाळी त्याने घडीवर पाण्याचे थेंब सोडून पाहिले आणि ते गपकन आत गेले. त्याने अप्पांना हाक मारून दाखवलं. त्यांनीही एक थेंब सोडून पाहिला. त्याच सुमाराला चट्टे लालचे गुलाबी झाले, मलम लावताना ती नुसती कुरकुरायला लागली. तरी रोज एखादा लंगोट गळायचाच. का गळला, याचा पत्ता लागायचा नाही.

बायको घरी आली, तेव्हा चेहरा निम्मा झाला होता. टाक्यांमुळे गोटीला उचलायची बंदी. तिला मऊ लोडाला टेकवून बसवलं आणि गोटीला तिच्या शेजारी ठेवलं. गोटीने तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि आजोबांच्या आवाजाकडे मान वळवली.  बायकोने नुसता गोटीच्या पायाच्या तळव्याला अंगठा लावून ठेवला.

लंगोट बदलायची वेळ झाली. मेकॅनिक पुढे झाला.

"थांब," ती म्हणाली. "मी सगळं वाचलंय, पण एकदाही घातलं नाहीये. मला दाखव."

"तुला वाकता येणार नाही."

"मग तू तिला इकडे सरकव."

त्याने सरकवलं. तिने घडी खिशात घातली, लंगोट गोटीखाली सरकवला. पोटातून कळ आली तशी थांबली, श्वास घेतला, बटणं लावली. मांडीपाशी जरा सैल राहिलं होतं. त्याला ते दिसलं. सांगावं की नाही, या विचारात तो गप्प राहिला. 

थोड्या वेळाने तिच्या गाऊनवर ओला डाग पसरत गेला. तिने खाली पाहिलं आणि डाग हाताने झाकला.

"आमचं पण असंच व्हायचं," मेकॅनिक म्हणाला. "अजून होतं."

सासरे कोरडी घडी आणायला उठले.