चिंचगडाची सबनिशी

ओंकारेश्वराच्या घाटावर रोज संध्याकाळी आमची बैठक बसे आणि त्या बैठकीत गडांविषयी सर्वांत जास्त मीच बोलत असे. हुजूर दफ्तरात गडांच्या कागदांच्या नकला करणं हे माझं काम. कोणत्या गडावर किती नाचणी आणि किती तोफा, हे मला तोंडपाठ होतं. गड मात्र एकही पाहिला नव्हता. पर्वतीलासुद्धा मी अर्ध्या पायऱ्यांवर बसून देवाला तिथूनच नमस्कार करतो. तरी "पुण्यात काय ठेवलंय? गडावर राहायला मिळालं तर बहार!" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते खरं मानणारा माणूस एक ना एक दिवस भेटणारच होता.

तो आप्पासाहेबांच्या रूपानं भेटला. आप्पासाहेब दफ्तरात आमचे वरिष्ठ आणि घाटावर आमचे मित्र. एकाच माणसानं ही दोन्ही कामं करू नयेत.

"दीनानाथपंत," ते म्हणाले, "मुठेच्या खोऱ्यात चिंचगड म्हणून एक पडका गड आहे. मोगलांनी सुरुंग लावून फोडला, तो तसाच पडलाय. तिथं पुन्हा चौकी बसवावी असा सरकारचा विचार आहे. मला पाहून यायला सांगितलंय. तुम्ही, मी आणि श्यामसुंदर. पाठीवर पडशी टाकू, पायी जाऊ, रानवारा खाऊ. काय?"

"वा!" मी म्हणालो. माझं तोंड नेहमी माझ्या आधी बोलतं.

घरी परतताना श्यामसुंदरनं मला बाजूला घेतलं. हा माझ्या शेजारी बसणारा कारकून. बोलतो कमी, म्हणून त्याच्याविषयी सगळ्यांचं मत चांगलं.

"पंत, चौकी बसली की सबनीस लागणार. शिपायांची हजेरी मांडायची आणि पावसाळा काढायचा. आप्पासाहेब गड बघायला नाही, माणूस बघायला निघालेत. आपल्या दोघांतला एक."

मी पुण्याबाहेर राहू शकत नाही. त्यामागे काही उदात्त कारण नाही. माझं म्हणणं चूक आहे असं सांगणारी इतकी माणसं दुसरीकडे एके ठिकाणी मिळत नाहीत, आणि त्याशिवाय मला बोलायला हुरूप येत नाही. तेव्हा मी त्याच रात्री ठरवलं, की या सफरीत आपण नालायक दिसायचं. घरी हे सांगितलं तर ही म्हणाली, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला जाता?"

निघायला मुहूर्त बुधवारचा निघाला आणि आप्पासाहेबांना सवड गुरुवारची होती. अशा वेळी करायचं ते आम्ही केलं, प्रस्थान ठेवलं. म्हणजे मुहूर्तावर सुपारी, हळकुंड नि अक्षता यांचं गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं देव समजतात. मग सवडीनं ते गाठोडं उचलायचं आणि मागं न बघता चालू पडायचं. एकदा उचललं की पुन्हा घरात पाऊल टाकायचं नाही. माझं गाठोडं श्यामसुंदरकडे ठेवलं, श्यामसुंदरचं आप्पासाहेबांकडे, आणि आप्पासाहेबांचं माझ्याकडे. तिघांनाही ही योजना फार सुबक वाटली.

गुरुवारी पहाटे मी श्यामसुंदरकडे गेलो. तो आप्पासाहेबांकडे गेला होता. मी माझं गाठोडं उचललं आणि त्याला गाठायला आप्पासाहेबांकडे गेलो. तोवर तो मला गाठायला माझ्या घरी गेला होता, आणि आप्पासाहेब माझ्या घरून निघून श्यामसुंदरकडे पोचले होते. असे आम्ही तिघं एकाच दिशेनं तीन पेठांतून फिरत राहिलो. थांबलो ते आपापल्या घराशी आलो तेव्हा, कारण आत जायची बंदी. शेवटी उन्हं वर आल्यावर शनिवारवाड्यापुढच्या भाजीबाजारात, वांग्यांच्या एका ढिगाशी, तिघांची गाठ पडली. तिघांनाही घाम फुटला होता आणि प्रवास अजून सुरू व्हायचा होता.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दशम्या, लाडू, तांदूळ, पातेलं हे सगळं ज्या पडशीत भरलं होतं, ती घरीच ओसरीवर राहिली. पण वरिष्ठांसमोर हे कसं सांगणार? या दोघांकडे असेलच, असं मनाशी म्हटलं आणि चालू लागलो.

कोथरूड गाव मागं टाकलं आणि मी डाव्या पायानं लंगडायला सुरुवात केली. थोड्या वेळानं मागं पाहतो तर श्यामसुंदरही लंगडत होता. मला वाटलं, तो माझ्यापेक्षा चांगला लंगडतो. मी कण्हणंही जोडलं. त्यानं डोळ्यांपुढे अंधारी आणली.

"दोघांचाही डावाच पाय?" आप्पासाहेबांनी विचारलं.

श्यामसुंदरनं लगेच उजवा घेतला.

संध्याकाळी गडाच्या पायथ्याच्या देवळात मुक्काम पडला. कुणीच जेवणाची गोष्ट काढेना. अखेर मी म्हणालो, "आज गुरुवार. माझा उपास असतो." श्यामसुंदर म्हणाला, "माझाही. निर्जळी." आप्पासाहेब म्हणाले, "मग मी एकट्यानं कसं जेवायचं?" त्यांच्या या मोठ्या मनाचं मला कौतुक वाटलं. माझ्या पोटाला वाटलं नाही.

सकाळी गड चढलो. तिथं लंगडायचं सोंग करावं लागलं नाही. माझा चढ बराचसा हातांवरच झाला. एका ठिकाणी मला खालून श्यामसुंदर ढकलत होता आणि वरून आप्पासाहेब ओढत होते, आणि तोफांचा आकडा सांगायला मला दम नव्हता. वर पोचलो तेव्हा दरवाजाची कमान खाली पडून तिच्यावर निवडुंग उगवला होता. सदरेच्या जोत्यावर म्हशी बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून सदर चालू असल्यासारखीच वाटत होती. फक्त कामाची घाई नव्हती, म्हणजे आमच्या दफ्तरासारखीच.

"आता फराळ," आप्पासाहेब म्हणाले. "सोडा."

आम्ही तिघांनी गाठोडी सोडली. तीन सुपाऱ्या, तीन हळकुंडं, तीन मुठी अक्षता. तिघांनी एकमेकांच्या पुढ्यात पाहिलं.

"पंत, तुमची पडशी?"

"ओसरीवर."

"श्यामसुंदर?"

"खुंटीवर."

"माझी देवघराशी आहे," आप्पासाहेब म्हणाले, आणि एका दगडावर बसले.

तेवढ्यात तटाच्या आडून एक बाई आली. हातात काठी, कमरेला कोयती. म्हशी तिच्याच. तुळजाबाई तिचं नाव. तटाला टेकून तिनं गवताची खोप घातली होती.

"काय वो, तीन बाप्ये सुपाऱ्या मांडून बसल्याती," ती म्हणाली. "लगीन कुनाचं हाय?"

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "बाई, आम्ही सरकारी कामाला आलो आहोत. गडावर चौकी बसायची आहे."

"बसवा की! शिपाई आलं तर माजं दूध खपंल. पर तुमी आदी काय खाल्लंया का? त्यो धाकला तर पडाया आलाय."

शिजवलेलं आम्ही तिच्या हातचं घेणं शक्यच नव्हतं. पुण्यात नुसतं कळलं असतं तरी प्रायश्चित्त, आणि ते होईपर्यंत पंक्तीला बसायची बंदी. आप्पासाहेबांनी मार्ग काढला. कोरडा शिधा चालतो. तुळजाबाईनं नाचणीचं पीठ दिलं, चूल आम्ही वेगळी मांडली, आणि एक सपाट दगड धुऊन तवा म्हणून ठेवला. हुजूर दफ्तरातली तीन डोकी एका भाकरीवर वाकली. पहिली हातातच दुभंगली. दुसरी दगडाला अशी चिकटली, की ती काढायला मोगलांचा सुरुंग लागला असता. तिसरी आप्पासाहेबांनी थापली. ती घरंगळत विस्तवात गेली आणि तिथंच राहिली.

पलीकडे तुळजाबाईची भाकरी टम्म फुगली होती. लसणीच्या चटणीचा वास आला.

आप्पासाहेब उठले. "मी जरा तटबंदी तपासतो," ते आमच्याकडे पाठ करून म्हणाले. "माझ्या मागं काय चाललंय, ते मला दिसत नाही."

आम्ही दोघांनी एकेक भाकरी घेतली. तुळजाबाई म्हणाली, "आनि त्यांस्नी?"

"ते तटबंदी बघताहेत," मी म्हणालो.

तटाकडे तोंड केलेल्या माणसाचा एक हात हळूच मागं आला. तळहात वर. तुळजाबाईनं त्यावर भाकरी ठेवली, चटणी ठेवली, आणि तो हात पुढं गेला. मग तो पुष्कळदा मागं आला. इतकी बारकाईनं तपासलेली तटबंदी मराठी राज्यात दुसरी नसेल.

जेवण झाल्यावर आप्पासाहेब सावलीत आडवे झाले. त्यांचा चेहरा मऊ झाला होता. "खरं सांगू? तुमच्यापैकी एकाला इथं नेमायचं माझ्या मनात होतं. पण तुम्ही दोघं इथं पावसाळा काढायचे नाही. आठ दिवससुद्धा नाही. बाहेरचा कुणी बघतो."

मी मान खाली घातली, कारण चेहऱ्यावरचा आनंद लपेना. पुणं वाचलं! घाट वाचला, बैठक वाचली. त्या आनंदात उतार कसा संपला, ते मला कळलंही नाही. मी लंगडायचंही विसरलो.

परतताना पर्वतीचं शिखर दिसू लागलं तसे आप्पासाहेब थांबले. "गडावरची गोष्ट गडावर," ते हळूच म्हणाले.

"कोणती गोष्ट?" श्यामसुंदरनं विचारलं आणि तो चालू लागला.

मीही एवढंच म्हणायला हवं होतं. पण पुण्याची हवा नाकात शिरली होती आणि दोन दिवसांत माझ्या तोंडून एकही चांगलं वाक्य गेलं नव्हतं.

"छे, छे, आप्पासाहेब! आमच्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही. मात्र उद्यापासून मला दफ्तरात यायला जरा उशीर झाला, तर आपणही चकार शब्द काढू नये, म्हणजे झालं."

आप्पासाहेब हसले. खूप हसले. माझ्या पाठीवर थापसुद्धा मारली. मला ते वाक्य इतकं आवडलं, की घरी जाऊन हिलाही ऐकवलं. ती हसली नाही. तिनं माझी धोतरं मोजून बाजूला काढायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी खरंच उशिरा गेलो. आप्पासाहेबांनी हुकूम वाळू टाकून वाळवूनही ठेवला होता. चिंचगडाची सबनिशी, दीनानाथपंत.

"आपण तर बाहेरचा माणूस बघणार होता!"

"बघितला होता. पण त्याला हजेरी मांडायला नेमायचं, आणि तुम्हाला मात्र इथं पुण्यात, घाटावर, रोज संध्याकाळी बोलत ठेवायचं? मला झोप लागायची नाही, पंत."

"श्यामसुंदरही होता की तिथं!"

"त्याला विचारलं मी. त्याला तटबंदीखेरीज काही आठवत नाही."

शेजारच्या बैठकीवर श्यामसुंदर बोरू तासत होता.

"पण किती दिवसांसाठी?" मी विचारलं. आवाज माझा मलाच केविलवाणा वाटला.

"गड पडेपर्यंत."

"तो पडलेलाच आहे, आप्पासाहेब."

"बघा," आप्पासाहेब म्हणाले आणि हुकूम माझ्या हातात दिला, "गडाची एवढी माहिती असलेला दुसरा माणूस मी आणू कुठून?"