चेंबरमधली पाच बोटं

कुरुंद्याच्या रस्त्यावर शिला आडेचं वर्कशॉप आहे. हळद शिजवायचे कुकर आणि हळदीला पॉलिश करायचे ड्रम तिथं बनतात. तिच्या कुकरच्या जोडातून वाफ सुटली असं सांगणारा माणूस पंचक्रोशीत अजून सापडलेला नाही. याच गुर्मीत तिनं यंदा एक भलतंच काम अंगावर घेतलं होतं.

औंढ्याकडे अवकाशातली थरथर मोजणारी वेधशाळा उभी राहतेय. तिथली उपकरणं आधी तपासून बघायला स्टीलचे बंद चेंबर लागतात आणि त्यांतली हवा पंपानं जवळजवळ पूर्ण काढून टाकावी लागते. वसमतच्या लघुउद्योग मदत केंद्रानं जाहीर केलं होतं, की ज्याचा नमुना चाचणीत उतरेल त्याला बारा चेंबरचं काम. बाकीचे दोन नमुने पुण्याच्या कारखान्यांचे होते. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून फक्त शिलाचा.

चाचणीचा दिवस उजाडला. केंद्रातल्या रेवती मॅडम अवकाश भौतिकी शिकून आलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी पंप लावला. पडद्यावरचा हवेच्या दाबाचा आकडा भराभर खाली यायला लागला, तशी शिला खुर्चीवरून उठून उभीच राहिली. आणि अर्ध्या वाटेत आकडा अडला. दोन तास झाले तरी जागचा हलेना.

"जोड गळतोय बहुतेक," रेवती मॅडम म्हणाल्या.

"माझा जोड गळत न्हाई मॅडम."

"आकडा तसं म्हणतोय."

"मंग जोडच तपासा. बराबर एकेक इंच तपासा. गळला तर मी डबा उचलून घरी जाते."

मॅडमनी हेलियम वायूची नळी घेतली आणि जोडावरून हळूहळू फिरवली. कुठं केसाएवढी फट असती तरी हेलियम आत शिरला असता आणि गळती शोधणाऱ्या यंत्रानं बोंब मारली असती. पहिला जोड झाला, दुसरा झाला. शेवटचा चौथाही झाला. यंत्र गप्प राहिलं.

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज चढला होता. "जोड एक नंबर आहे. म्हणजे आतच काहीतरी आहे, त्याची वाफ होतेय."

झाकण उघडलं, बॅटरी मारली. तळाशी पिवळ्या-लाल रंगाची पाच बोटं उमटलेली होती.

शिलानं ती बोटं लगेच ओळखली. तेलात कालवलेल्या हळदकुंकवाची पाच बोटं ओढल्याशिवाय तिच्या वर्कशॉपातून एकही भांडं बाहेर पडत नाही, आणि तो मान तिच्या आईचा, मिराबाईंचा. या वेळी शिलानं बजावलं होतं, "याडी, या डब्याला बाहेरून बोट लावू नको, चकचकीत ऱ्हाऊ दे." याडीनं लेकीचा शब्द पाळला होता. बाहेरून लावलं नाही, आतून लावलं.

कामगाराचा हात लागला म्हणून सांगता आलं असतं. ते शिलाच्या ओठावर आलंही. पण याडीला कुणाच्या तरी चुकीमागं लपवणं तिला जड गेलं.

"माझ्या आईची बोटं हायेत ही," ती म्हणाली. "नव्या भांड्याची पूजा केली तिनं. चूक माझी, मी नीट सांगितलं न्हाई."

रेवती मॅडम बॅटरी घेऊन त्या बोटांवर वाकल्या.

"तेल कोणतं?"

"तिळाचं."

"म्हणजे दोन तास आपण तिळाच्या तेलाची वाफ मोजत बसलो." त्यांना हसू आवरेना. मग त्या एकदम घाईला आल्या. "उद्या दुपारपर्यंत यंत्र मोकळं आहे. हातमोजे घाला."

दोघींनी चेंबर घासला, पुसला, पुन्हा पुसला आणि तापवायला ठेवला. दुसऱ्या दिवशी पंप सुरू झाला. आकडा कालच्या जागेवर आला आणि तिथं न थांबता पुढं गेला. ठरवलेली रेघ ओलांडली, तरी उतरतच राहिला. शिलानं मॅडमचा दंड इतका घट्ट धरला होता, की त्यांना तो सोडवून घेऊन नोंद करावी लागली.

चार दिवसांनी केंद्राकडून बारा चेंबरच्या कामाचा कागद आला. सोबत काम कसं करायचं त्याच्या पायऱ्या छापलेल्या होत्या. शिलानं त्या वर्कशॉपात बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवल्या. कापणं, जोडणं, धुणं, तापवणं, सीलबंद करणं. सतराव्या पायरीशी ती थांबली.

"काहून थांबली?" मिराबाईंनी विचारलं.

"हळदकुंकू," शिलानं वाचलं. "चेंबर बंद झाल्यावर, फक्त बाहेरच्या लाकडी खोक्यावर. जबाबदार व्यक्ती, मिराबाई आडे."

"म्हंजी माझ्याबिगर डबा जाणार न्हाई?"

"न्हाई याडी. तसं लिहूनच दिलंय त्यांनी."

मिराबाई उठल्या, मोरीवरचा साबण घेतला आणि तेलाचा डागही उरू नये म्हणून कोपरापर्यंत हात धुऊन आल्या.